घर, छापखाना आणि स्मरण : अमीनाबादच्या एका संसाराचा वाङ्मयीन अर्थ

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाचे कार्य आणि लेखकाचे घर यांची मांडणी दोन स्वतंत्र प्रकरणांत करण्याची प्रथा रूढ आहे. कार्याच्या प्रकरणात ग्रंथ, नियतकालिके, वाद आणि प्रभाव येतात. घराच्या प्रकरणात जन्म, विवाह, अपत्ये, दारिद्र्य आणि मृत्यू येतात. या दोहोंमध्ये एखादा दरवाजा असतो आणि त्यातून माणसांची, पैशांची व निर्णयांची सतत ये-जा चालू असते, याची दखल क्वचितच घेतली जाते. माणसामाणसांतील संबंध कामाच्या ठिकाणी आणि घरात कसे दृढ होतात, हा प्रश्न त्यामुळे समाजशास्त्राचा किंवा नीतिपाठाचा मानला जातो, साहित्याभ्यासाचा मानला जात नाही. वस्तुतः या प्रश्नाचे अत्यंत सूक्ष्म उत्तर भारतीय भाषांतील एका विशिष्ट लेखनप्रकारात, म्हणजे पत्नीने लिहिलेल्या स्मरणग्रंथात, साठवलेले आहे. त्या प्रकारातील एका हिंदी ग्रंथाच्या आधारे आणि मराठीतील समानधर्मी ग्रंथांच्या सान्निध्यात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा ग्रंथ म्हणजे शिवरानीदेवी यांचे 'प्रेमचंद : घर में'. तो १९४४ साली, प्रेमचंदांच्या निधनानंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यातील महत्त्वाचा भाग लखनौच्या वास्तव्याशी निगडित आहे, आणि या वास्तव्याचे केंद्र अमीनाबादचा परिसर हे होते.

१

अमीनाबाद हे नाव अवधच्या नवाबीतील एका वजीरावरून आले आहे. अमजद अली शाह यांच्या कारकीर्दीत (१८४२-१८४७) वजीर असलेले इमदाद हुसेन खान यांची पदवी 'अमीनुद्दौला' अशी होती. बाजार त्यांच्या नावाने वसला आणि पुढे बाजारामधील बागही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९२८ साली त्या बागेत राष्ट्रीय ध्वज फडकला, तेव्हापासून लोक तिला 'झंडेवाला पार्क' म्हणू लागले. कापड, अत्तर, पुस्तके आणि खाद्यपदार्थ यांच्या दुकानांनी गजबजलेली ही पेठ एका अंगाला कैसरबागेला आणि दुसऱ्या अंगाला चारबागच्या रस्त्यांना जोडलेली आहे. दुकानाच्या माथ्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडाच्या पायथ्याशी दुकान, हा जुन्या पेठांचा रिवाज येथेही दिसतो. काम आणि घर यांतील अंतर अशा वस्तीत एका जिन्याएवढे असते.

प्रेमचंद या शहरात आले ते हौसेने नव्हे, कर्जामुळे. गोरखपूर येथे फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजींचे भाषण ऐकल्यानंतर त्यांनी सुमारे वीस वर्षांची सरकारी नोकरी सोडली. त्यानंतर १९२३ साली बनारस येथे 'सरस्वती प्रेस' हा छापखाना काढला. या छापखान्यात त्यांचे सावत्र बंधू महताब राय आणि उर्दू कवी रघुपति सहाय 'फिराक' यांची भागीदारी होती. छापखाना तोट्यात गेला आणि घरगुती संबंधांवर व्यवहाराचा भार पडला. भाऊ हा भागीदार झाला म्हणजे हिशेबाच्या प्रत्येक ओळीत जुना स्नेह किंवा जुना सल वाचला जाऊ लागतो, हा अनुभव भारतीय कुटुंबांना अपरिचित नाही. हा भार हलका करण्यासाठी प्रेमचंदांना इतरत्र नोकरी पत्करावी लागली. १९२४-२५ मध्ये लखनौच्या गंगा पुस्तकमालेत त्यांनी काम केले. त्यांची 'रंगभूमि' ही कादंबरी तेथूनच १९२५ साली बाहेर पडली. १९२७ पासून ते नवलकिशोर प्रेसच्या 'माधुरी' या मासिकाचे संपादन कृष्णबिहारी मिश्र यांच्यासह करू लागले. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली स्थापिलेला तो मुद्रणव्यवसाय त्या वेळी वैभवाच्या उत्तरार्धात होता. हजरतगंजात कचेरी, अमीनाबादच्या बाजूला भाड्याचे बिऱ्हाड आणि बनारसला तोट्यात चाललेला स्वतःचा छापखाना, अशा तीन बिंदूंमध्ये या संसाराचा त्रिकोण उभा होता. मार्च १९३० मध्ये 'हंस' मासिक सुरू झाले, तेव्हा या त्रिकोणाची ओढाताण आणखी वाढली.

२

शिवरानीदेवींचे स्थान या त्रिकोणात कोठे होते, हे पाहण्यापूर्वी त्यांच्या विवाहाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या बालविधवा होत्या. प्रेमचंदांचा पहिला विवाह कोवळ्या वयात झाला होता आणि तो यशस्वी ठरला नव्हता. १९०६ साली त्यांनी शिवरानीदेवींशी विवाह केला. वरवर पाहता ही सुधारकी विवाहाची एक आदर्श कथा आहे. शिवरानीदेवींनी मात्र आपल्या ग्रंथात ती तशी रंगविलेली नाही. पतीची पहिली पत्नी हयात आहे, ही गोष्ट त्यांना विवाहानंतर काही वर्षांनी कळली. ही फसवणूक त्यांनी लपविली नाही, तिच्यावर क्षमेचे पांघरूणही घातले नाही. ज्या व्यक्तीला देश 'उपन्यास सम्राट' म्हणत होता, तिच्याकडून आपल्या बाबतीत अन्याय झाला, असे पत्नीच्या स्मरणग्रंथात नोंदविले जावे, ही १९४४ मधील हिंदी वाङ्मयात सामान्य घटना नव्हती.

या नोंदीवरून ग्रंथाची भूमिका स्पष्ट होते. संबंधाचे बळ त्यातील दोषांच्या अभावात नसते. दोष उच्चारता येण्याच्या शक्यतेत असते. ही गोष्ट शिवरानीदेवी सिद्धान्ताच्या रूपात कोठेही मांडत नाहीत. त्या प्रसंग सांगतात आणि प्रसंगाच्या शेवटी संवाद थांबतो तेथेच थांबतात. तथापि प्रसंगांची निवड पाहिली असता तीन सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र निर्णयातील सहभागाचे आहे. १९२१ मधील राजीनामा हा प्रेमचंदांच्या चरित्रात त्यागाचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. शिवरानीदेवींच्या कथनात तो विचारविनिमयाचा प्रसंग आहे. नोकरी सोडण्याविषयी त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी तत्काळ होकार दिला नाही. काही काळ विचारासाठी घेतला. संसार, मुले, पतीची नाजूक प्रकृती आणि मिळकतीचा दुसरा मार्ग नसणे या साऱ्याचा हिशेब करून मग त्यांनी संमती दिली. त्याग एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याची, ही सार्वजनिक जीवनातील नेहमीची विषम विभागणी येथे निदान अंशतः टळली. संमती मागितली गेली एवढेच पुरेसे नव्हते. ती नाकारण्याची मुभा होती, म्हणून तिला अर्थ प्राप्त झाला.

दुसरे सूत्र छापखान्यातील कामगारांशी असलेल्या नात्याचे आहे. या ग्रंथातील कदाचित सर्वांत प्रसिद्ध प्रसंग गरम कपड्यांचा आहे. हिवाळ्यात पतीच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, हे पाहून शिवरानीदेवींनी त्यांना पैसे दिले. प्रेमचंदांनी ते कामगारांना देऊन टाकले. पुन्हा दिले, पुन्हा तसेच झाले. पत्नीने जाब विचारला तेव्हा, जे दिवसभर छापखान्यात राबतात ते उपाशी असताना आपण उबदार कपडे घालणे शोभत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हा प्रसंग प्रेमचंदांच्या औदार्याचा दाखला म्हणून वारंवार उद्धृत होतो. परंतु त्यातील दुसरे पात्र सहसा विसरले जाते. हे पैसे गृहिणीने घरखर्चातून बाजूला काढलेले होते. त्यामुळे कामगाराला जे मिळाले ते मालकाच्या नफ्यातून मिळाले नाही, घराच्या काटकसरीतून मिळाले. मालक आणि मजूर यांच्यातील सद्भावाला घरातील एका अदृश्य व्यक्तीची तारण-रक्कम होती, असे म्हणावे लागते. शिवरानीदेवींनी हा प्रसंग लिहिताना पतीची स्तुती केली आहे आणि स्वतःची चीडही झाकलेली नाही. या दोहोंच्या एकत्र असण्यामुळेच तो प्रसंग विश्वसनीय वाटतो.

औदार्याने कामाच्या ठिकाणचे सर्व प्रश्न सुटतात, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. १९३४ साली प्रेमचंद चित्रपटव्यवसायासाठी मुंबईला गेले असताना सरस्वती प्रेसमध्ये थकलेल्या पगारासाठी कामगारांनी संप केला. त्याच सुमारास त्यांनी लिहिलेला 'मजदूर' हा गिरणीकामगारांविषयीचा चित्रपट सरकारी बंदीच्या कचाट्यात सापडला होता. मजुरांची बाजू मांडणारा लेखक स्वतःच्या छापखान्यात मालक असतो, ही विसंगती त्यांच्या जीवनातील एक खरी गाठ आहे. व्यक्तिगत दया आणि नियमित वेतन यांची गल्लत केली म्हणजे कामाच्या ठिकाणचा संबंध स्नेहाचा राहतो, न्यायाचा राहत नाही. कोट नाकारून दिलेले पैसे हे स्नेहाचे चिन्ह होते. पगार हा हक्क होता. घरात ज्या गोष्टी मायेने चालतात त्या कामाच्या जागी कराराने चालाव्या लागतात. हा भेद प्रेमचंदांना कळत नव्हता असे नव्हे, परंतु तोट्यातील छापखान्याने तो पाळण्याची सोय ठेवली नव्हती.

तिसरे सूत्र स्वातंत्र्याचे आहे आणि ते अमीनाबादच्या पार्श्वभूमीवर प्रकट होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात लखनौच्या कापडबाजारात परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन चालू होते. त्यात भाग घेणाऱ्या स्त्रियांमध्ये शिवरानीदेवी होत्या. त्यांना अटक होऊन सुमारे दोन महिन्यांची शिक्षा झाली. आपण तुरुंगात गेलो नाही तर पती जातील आणि त्यांची प्रकृती ते सोसणार नाही, ही त्यांच्या मनातील एक प्रेरणा होती. परंतु केवळ पतीच्या काळजीने त्या बाहेर पडल्या असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. स्वयंसेविकांच्या पथकात त्यांनी स्वतःची जागा निर्माण केली होती आणि तिचा पुरता तपशील त्यांनी घरीही सांगितलेला नव्हता. ज्या काळात प्रेमचंद 'समर-यात्रा'सारख्या कथांतून स्त्रियांच्या सत्याग्रहाचे चित्रण करीत होते, त्याच काळात त्यांच्या घरातील स्त्री कथेच्या बाहेर प्रत्यक्ष रस्त्यावर उभी होती. लेखक घरी राहिला, पत्नी तुरुंगात गेली. भारतीय साहित्यिकांच्या चरित्रांत हा क्रम विरळा आहे.

हेच स्वातंत्र्य त्यांच्या लेखनातही दिसते. त्यांची 'साहस' ही कथा १९२४ मध्ये 'चाँद' मासिकात आली. पुढे 'नारी हृदय' आणि 'कौमुदी' हे संग्रह निघाले. या कथा प्रेमचंदच लिहून देतात, अशी कुजबुज त्या काळी होती. प्रेमचंदांनी तिचा स्पष्ट इन्कार केला आणि त्या कथांतील लढाऊ वृत्ती आपल्या स्वभावातील नव्हे, तिच्या कर्त्रीची आहे, अशी ग्वाही दिली. सहकाऱ्याचे श्रेय सहकाऱ्याला देणे हा कामाच्या ठिकाणचा साधा नियम आहे. तो घरात पाळणे अधिक कठीण असते, कारण घरात श्रेयाची वाटणी करावी लागते, हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

३

मराठी वाचकाला हा ग्रंथ वाचताना आपल्या भाषेतील एका समृद्ध परंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमशः पुस्तकरूपाने आली. आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ साली, म्हणजे 'प्रेमचंद : घर में' ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. शेवटची जोडी विशेष विचारार्ह आहे. आनंदीबाई आणि शिवरानीदेवी या दोघीही बालविधवा होत्या. एकीचा पुनर्विवाह १८९३ साली महर्षी कर्वे यांच्याशी झाला, दुसरीचा १९०६ साली प्रेमचंदांशी. एकीच्या संसारात हिंगण्याची संस्था होती, दुसरीच्या संसारात छापखाना. दोन्ही ठिकाणी घराची पुंजी कार्याकडे वाहत राहिली. कर्व्यांनी आयुर्विम्याची रक्कमही संस्थेच्या नावे केली, तेव्हा संसाराच्या भवितव्याची चिंता आनंदीबाईंच्या वाट्याला आली. गरम कपड्यांचा प्रसंग आणि हा प्रसंग यांची जात एकच आहे. एकमेकींच्या अस्तित्वाची दखल नसताना दोन भाषांतील दोन स्त्रियांनी एकाच वर्षी एकच तक्रार एकाच ममतेने नोंदवावी, हा केवळ योगायोग मानून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. सार्वजनिक कार्याला वाहून घेतलेल्या पुरुषाच्या घरी जमाखर्चाची दुसरी वही असते आणि ती पत्नीच्या स्मरणात लिहिली जाते, हे त्यातून सिद्ध होते.

नात्याचे स्वरूप भाषेच्या सूक्ष्म खुणांतून कसे व्यक्त होते, हे पाहण्यासाठी पतीच्या उल्लेखाचे उदाहरण घेता येईल. रमाबाई रानडे पतीचे नाव घेत नाहीत. त्यांचा निर्देश त्या 'स्वतः' या शब्दाने करतात. लक्ष्मीबाई मोकळेपणाने 'टिळक' असे आडनाव वापरतात. शिवरानीदेवींच्या निवेदनात पतीसाठी 'आप' हे आदरार्थी सर्वनाम येते. संवाद सांगताना 'आप' बोलले, 'आप' हसले, अशी त्यांची वाक्यरचना असते. हिंदीतील 'आप' हा शब्द व्युत्पत्तीने संस्कृत 'आत्मन्' पासून, प्राकृत 'अप्पा' मार्गे आलेला आहे. म्हणजे रमाबाईंचे 'स्वतः' आणि शिवरानीदेवींचे 'आप' यांचा मूलार्थ एकच ठरतो. नाव न घेण्याच्या संकेतातून दोन भाषांनी पतीसाठी 'आत्म'वाचक शब्द निवडला. संकेत एक असला तरी त्याचे उपयोजन भिन्न आहे. रमाबाईंच्या 'स्वतः'मध्ये गुरू आणि शिष्या यांतील अंतर आहे. शब्द उच्चारताना निवेदिका किंचित वाकलेली दिसते. शिवरानीदेवींच्या 'आप' नंतर मात्र पुष्कळदा प्रतिवाद येतो. आदराचे सर्वनाम आणि विरोधाचे क्रियापद एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. लक्ष्मीबाईंच्या 'टिळक' या संबोधनात तर आदर आणि थट्टा यांची सीमारेषाच पुसली जाते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट आणि काही वर्षांनंतरचे पुनर्मीलन सांगताना त्यांना ज्या विनोदाचा आधार मिळाला, तो या संबोधनाच्या मोकळेपणाशी निगडित आहे. तीन संबोधने म्हणजे दांपत्यसंबंधाच्या तीन रीती आहेत : अनुसरण, वाद आणि विनोद. यांतील कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न गौण आहे. प्रत्येकीने आपापल्या संबंधातील सत्य सांगण्यास पुरेल अशी भाषा घडविली, हे महत्त्वाचे.

४

काम आणि घर यांच्या सरमिसळीचे आणखी एक उदाहरण अमीनाबादच्या शेजारीच, कैसरबागेच्या बाजूस, त्याच काळात घडत होते आणि त्याचा संबंध मराठी माणसांशी आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज ही संगीतसंस्था सुरू झाली. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे तिचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. घराण्यातील विद्या वर्गात, वेळापत्रकात आणि परीक्षेत आणणे हा या संस्थेचा उद्देश होता. गुरुगृहाच्या जागी विद्यालय, हा बदल तत्त्वतः घर आणि काम यांना विलग करणारा होता. प्रत्यक्षात मात्र बेळगावकडून लहान वयात आलेले कृष्णराव गिंडे यांच्यासारखे विद्यार्थी रातंजनकरांच्या घरीच वाढले. वर्गातील पाठ घरी पुन्हा घोटला गेला आणि विद्यालयाने जे दिले त्याला गृहशिक्षणाने खोली आली. छापखान्यात घराची माया अपुरी पडली. विद्यालयात ती पूरक ठरली. भेद असा की, संगीतशाळेत वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची चौकट आधी उभी होती आणि माया तिच्यावर चढली. छापखान्यात मायेलाच चौकटीचे काम करावे लागले.

५

प्रेमचंदांच्या अखेरच्या वर्षाकडे पाहिले असता ही चर्चा एका मुक्कामाला येते. एप्रिल १९३६ मध्ये लखनौच्या रिफाह-ए-आम सभागृहात प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या सुमारास 'हंस' हे भारतीय साहित्य परिषदेच्या छत्राखाली सर्व भारतीय भाषांचे मासिक म्हणून निघत होते आणि कन्हैयालाल मुन्शी त्याच्या संपादनात सहभागी होते. सरकारने जामीन मागितला तेव्हा परिषदेने मासिक चालू ठेवण्यात रस दाखविला नाही. आजारी प्रेमचंदांनी ते परत आपल्या हाती घेतले आणि जामिनाची तजवीज केली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर 'हंस'ची धुरा काही काळ शिवरानीदेवींनी सांभाळली. सहकारी संस्थेने सोडून दिलेले काम घराने उचलून धरले.

या घटनेचा अर्थ भावनेच्या भरात लावणे सोपे आहे. परंतु शिवरानीदेवींचा ग्रंथ तसे करू देत नाही. ज्या स्त्रीने राजीनाम्यापूर्वी विचाराला वेळ मागितला, कपड्यांच्या पैशांचा जाब विचारला, पहिल्या पत्नीविषयीचे असत्य नोंदवून ठेवले आणि पतीला न विचारता तुरुंगाची वाट धरली, तिने हे मासिक हाती घेतले तेव्हा ती केवळ दिवंगत पतीची इच्छा पाळीत नव्हती. ती ज्या कामात आधीपासून भागीदार होती, ते काम पुढे नेत होती. सरस्वती प्रेसच्या कागदोपत्री भागीदारांत तिचे नाव असो वा नसो, भांडवल तिचेही होते.

एवढ्यावरून घर आणि कार्यक्षेत्र यांतील संबंधांविषयी काही विधाने करता येतील. विचारणा, प्रतिवाद आणि श्रेयाची प्रामाणिक वाटणी यांवर संबंध टिकतात. केवळ त्यागावर उभारलेला संबंध दुसऱ्या कोणाच्या तरी काटकसरीवर उभा असतो. कामाच्या जागी स्नेह हवा, परंतु तो न्यायाची जागा घेऊ शकत नाही. घरात न्याय हवा, परंतु तो स्नेहावाचून कोरडा ठरतो. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, 'प्रेमचंद : घर में' हा ग्रंथ थोर लेखकाविषयीच्या माहितीचे साधन म्हणून वाचण्याची सवय आता सोडावयास हवी. दीर्घकाळ दुर्मिळ राहिलेला हा ग्रंथ एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उपलब्ध झाला, तरी चरित्रकार त्यातून अद्याप प्रसंग उचलतात आणि निवेदिकेला मागे ठेवतात. 'माझे पुराण' आणि 'स्मृतिचित्रे' यांच्या शेजारी ठेवून वाचला असता तो एका संबंधाचा इतिहास आहे आणि तो इतिहास लिहिणारी व्यक्ती त्या संबंधातील समान अधिकाराची पक्षकार आहे, हे उमगते. अमीनाबादच्या बिऱ्हाडातून हजरतगंजच्या कचेरीकडे रोज एक माणूस जात असे आणि त्याच्या कामाची नोंद इतिहासाने ठेवली. बिऱ्हाडात राहिलेल्या व्यक्तीने आपली नोंद स्वतः ठेवली, म्हणून त्या कामाचा पुरता अर्थ आज लावता येतो.